थकलेल्या हातांतले काम

वृद्धांना जपताना त्यांचे स्वावलंबनही जपले जावे

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या सीमेला खेटून जत तालुका पसरला आहे. क्षेत्रफळाने तो राज्यातील मोठ्या तालुक्यांत मोडतो. पाऊस मात्र त्याच्या वाट्याला बेताचाच येतो. डफळे घराण्याचे हे जुने संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास होती. जत शहर, उमदी, संख, माडग्याळ, डफळापूर अशा बाजारपेठेच्या गावांत भुसार, किराणा, कापड, सराफी करणारी व्यापारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. गिऱ्हाईक मराठीत बोलले तर मराठीत आणि कन्नडमध्ये बोलले तर कन्नडमध्ये हिशेब सांगणारी ही माणसे.

दुष्काळी मुलखातील व्यापाराचे भवितव्य शेतकऱ्याच्या पिकावर अवलंबून असते. पीक गेले की उधारी थकते, आणि दोन-तीन वर्षे अशी गेली की घरातली तरुण पिढी सांगली, पुणे, हुबळी अशी वाट धरते. शिक्षण आणि नोकरी हेही कारण आहेच. अशा घरांत मागे राहतात ते थकलेले आई-वडील. दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर दोघेच, पुढे कधी तरी एकटेच. दुसरीकडे काही घरे अजून भरलेली आहेत; तीन पिढ्या एका छताखाली नांदत आहेत.

वरवर पाहता पहिल्या घरात काळजी आहे आणि दुसऱ्या घरात निश्चिंती. परंतु वार्धक्याचा विचार बारकाईने केला, तर दोन्ही घरांपुढे एकच प्रश्न उभा दिसतो. रिकाम्या घरात मदत वेळेवर पोहोचत नाही. भरल्या घरात ती इतकी पोहोचते की वृद्धांच्या हातात काहीच उरत नाही. दोन्हीकडे शेवट होतो तो परावलंबनात.

क्षीणता म्हणजे केवळ वय नव्हे

सत्तरी ओलांडलेले सर्वच वृद्ध दुबळे नसतात, आणि दुबळेपणा हा प्रत्येक वेळी एखाद्या आजाराचे नाव घेऊन येत नाही. वैद्यकशास्त्र ज्याला वार्धक्यातील क्षीणता म्हणते, त्याची ओळख पटवण्यासाठी अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच खुणा मांडल्या. प्रयत्न न करता वजन घटणे, सतत थकवा वाटणे, हाताची पकड सैल होणे, चालण्याचा वेग मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक खुणा दिसल्या तर क्षीणता आली असे समजावे. एक-दोन दिसल्या तर ती उंबरठ्यावर आहे असे मानावे. या दुसऱ्या अवस्थेचे महत्त्व फार आहे, कारण तेथून माणूस मागे फिरू शकतो.

घरच्या घरी या खुणा ओळखणे अवघड नाही. पूर्वी एका दमात उघडले जाणारे डब्याचे झाकण आता दुसऱ्याकडून उघडून घ्यावे लागते. कोपऱ्यावरच्या मंदिरापर्यंत जाताना दोनदा थांबावे लागते. सदरा अंगावर ढगळ होतो. दोन साध्या चाचण्याही सांगता येतील. चार मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला पाच सेकंदांहून अधिक वेळ लागणे, आणि हाताचा टेकू न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागणे, हे पायांची शक्ती कमी झाल्याचे लक्षण समजतात. चाचणी घेताना शेजारी कोणी तरी उभे असावे. निष्कर्ष मात्र डॉक्टरांनीच काढावा.

दोन याद्या आणि एक पेढी

एखादी व्यक्ती किती स्वावलंबी आहे हे मोजण्यासाठी जगभर दोन याद्या वापरल्या जातात. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये केलेल्या पहिल्या यादीत सहा बाबी आहेत : आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. दुसरी यादी लॉटन आणि ब्रॉडी यांची, १९६९ मधली. तिच्यात आठ बाबी आहेत : दूरध्वनी, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशांचे व्यवहार.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या वार्धक्यविषयक पाहणीत पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती घेतली गेली. साठीपुढच्यांपैकी सुमारे २४ टक्के लोकांना पहिल्या यादीतील किमान एका कामात अडचण होती, तर दुसऱ्या यादीतील किमान एका कामात अडचण असलेले सुमारे ४८ टक्के होते. म्हणजे दुसऱ्या यादीतली कामे आधी सुटतात. माणूस स्वतःच्या हाताने जेवत असतो, आंघोळ करत असतो. पण बाजार, बँक आणि प्रवास त्याच्या हातून गेलेले असतात.

व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने या दुसऱ्या यादीला विशेष अर्थ आहे. ज्याचे आयुष्य गल्ला, खतावणी आणि गिऱ्हाईक यांत गेले, त्याची ओळखच पैशांच्या व्यवहाराशी बांधलेली असते. ज्या माउलीने चाळीस वर्षे कमरेला किल्ल्या लावून कोठीघर सांभाळले, तिचा मान त्या किल्ल्यांत असतो. मुलाने प्रेमापोटी म्हणावे, "अण्णा, आता तुम्ही आराम करा, दुकानाची दगदग नको," आणि सुनेने म्हणावे, "आई, तुम्ही बसा, मी करते." शब्द गोड असतात आणि भावही शुद्ध असतो. परंतु पाहता पाहता अण्णांची गादी सुटते, आईंच्या किल्ल्या जातात आणि दोघांचा दिवस दूरदर्शन संचासमोर कंटाळत सरतो. सहा महिन्यांनी अण्णांना खुर्चीवरून उठताना आधार लागू लागतो, आणि घरची माणसे म्हणतात, "बरे झाले, वेळेवर आराम दिला."

आधाराचे चार प्रकार

सामाजिक आधार हा शब्द मोघम वाटतो. समाजशास्त्रज्ञ जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये त्याचे चार भाग केले आणि ते घरगुती भाषेतही सहज सांगता येतात. पहिला भावनिक आधार : जवळ बसणे, ऐकून घेणे. दुसरा प्रत्यक्ष कामाचा : औषध आणून देणे, दवाखान्यात नेणे. तिसरा माहितीचा : कोणती योजना आहे, कोणत्या डॉक्टरांकडे जावे हे सांगणे. चौथा दखलेचा : माणसाच्या मताला आणि कामाला किंमत आहे हे त्याला जाणवून देणे.

पैसा असलेल्या घरांत दुसरा प्रकार मुबलक असतो. गाडी असते, गडी असतो, औषधे घरपोच येतात. तुटवडा पडतो तो पहिल्या आणि चौथ्या प्रकाराचा. वृद्धांशी दिवसभर होणारे बोलणे तपासले, तर ते बहुधा "गोळी घेतली का," "जेवलात का," "बाहेर जाऊ नका" एवढ्यापुरते असते. धान्याचा भाव काय निघाला, अमुक शेतकऱ्याची उधारी वाढवावी का, नातीच्या सोयरिकीत काय पाहावे, असे त्यांना कोणी विचारत नाही. वास्तविक जत तालुक्यातील कोणत्या गावाचे कोणते घर शब्दाला पक्के आहे, हे कोणत्याही संगणकापेक्षा त्या वृद्ध व्यापाऱ्याला अधिक ठाऊक असते.

या तुटवड्याची किंमत केवळ मनाला मोजावी लागत नाही. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लन्स्टाड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ होते, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दीडपट आढळली.

अधिक मदत, कमी बळ

जर्मन मानसशास्त्रज्ञ मार्ग्रेट बाल्टेस यांनी वृद्धाश्रमांतील रोजचे वर्तन बारकाईने टिपले. वृद्धाने मदत मागितली की सेवक लगेच धावून येत. त्याने एखादे काम स्वतः केले, तर तिकडे कोणाचे लक्षही जात नसे. परिणाम उघड होता. माणसाची सोबत हवी असेल तर परावलंबी व्हावे, हे तेथे न बोलता शिकवले जात होते. भरल्या घरातही हे घडते. आजीने स्वतः शेंगा सोलल्या तर कोणी पाहत नाही. तिने "मला जमत नाही" म्हटले की घर गोळा होते.

१९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात एक प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले की, तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, हे तुमच्या हातात आहे. त्यांना एकेक रोप दिले आणि त्याची निगा त्यांच्यावरच सोपवली. दुसऱ्या मजल्यावर सांगितले की, तुमची सर्व काळजी आम्ही घेऊ. रोप त्यांनाही दिले, पण पाणी घालायचे ते परिचारिकांनी. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे वृद्ध अधिक हालचाल करणारे, अधिक सावध आणि अधिक प्रसन्न आढळले. प्रयोग लहान होता, त्यावर सर्व इमारत उभी करणे योग्य नाही. परंतु रोपाला पाणी कोणी घालावे हा प्रश्न तेव्हापासून वार्धक्याच्या अभ्यासात कायम राहिला.

अमेरिकेतील आणखी एका अभ्यासात, १९९६ मध्ये, रोजच्या कामात अधिक मदत मिळणाऱ्या वृद्ध पुरुषांत पुढे परावलंबन येण्याचा धोका अधिक दिसला. याचा अर्थ मदत वाईट असा नव्हे. जे आधीच खचत होते त्यांनाच ती अधिक मिळाली असेल, हेही शक्य आहे. तरीही सावधगिरीचा इशारा त्यात आहे. मदत करण्याआधी हे काम या व्यक्तीला खरोखर जमत नाही, की तिला वेळ लागतो म्हणून घरच्यांना धीर धरवत नाही, एवढे तपासून पाहावे.

गादीवर तासभर

यातून निघणारे उपाय खर्चाचे नाहीत. वडिलांना दुकानातून एकदम उठवण्याऐवजी सकाळचा एक तास त्यांचा ठेवावा. जुनी गिऱ्हाइके त्याच वेळी येऊ लागतात, कारण त्यांनाही ओळखीचा चेहरा हवा असतो. वसुलीचे दूरध्वनी, जुन्या खातेदारांशी बोलणे, नव्या नोकराला मालाची पारख शिकवणे ही बसून करण्याची कामे आहेत. आईंकडे पापड-सांडग्यांची देखरेख, धान्य निवडण्याचे नियोजन, देवपूजेची तयारी, नातवंडांना गोष्टी आणि पाढे असावेत. कामाचा आकार लहान करावा, पण काम काढून घेऊ नये. भाजी निवडणे जमत नसेल तर कोणती भाजी करावी हे ठरवणे जमते.

पैशांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. स्मरणशक्ती साथ देत असेल तोवर वृद्धांचे खाते त्यांच्या स्वतःच्या सहीने चालावे. दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असे संयुक्त खाते, कार्डाला खर्चाची मर्यादा आणि दूरध्वनीवरून कोणी पासवर्ड मागितला तर आधी घरी विचारण्याचा नियम, एवढी व्यवस्था पुरते. मंदिरातील बोलीत किंवा भांडाऱ्यात स्वतःच्या हाताने काही देता यावे, नातीच्या हातावर वाढदिवसाला नोट ठेवता यावी, यासाठी मुलाकडे हात पसरावा लागू नये. विस्मरण वाढू लागले तर मात्र संकोच न करता लवकर वैद्यकीय तपासणी करून व्यवहारांना संरक्षण द्यावे. तेथे मान राखण्याच्या नावाखाली धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

ताट, उपवास आणि पाऊल

स्नायू टिकले तर स्वावलंबन टिकते. स्नायूंना प्रथिने आणि हालचाल लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. वृद्धांसाठी अनेक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जाण्यास सांगतात. पन्नास किलो वजनाच्या आजीला म्हणजे दिवसाला पन्नास ते साठ ग्रॅम. पातळ वरण, मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटे यांतून ते भरून निघत नाही. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे बावीस ग्रॅम, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास आणि एक पेला दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. घट्ट वरण, ताजे दही, पनीर, शेंगदाण्याचे कूट, मुगाचे धिरडे हे चौविहार पाळणाऱ्या घरातही दोन जेवणांत सहज बसते; मात्र सूर्यास्तापूर्वीचे जेवण घाईत उरकले जाऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

उपवासाबाबत कुटुंबाने मोकळेपणाने बोलावे. वजन घटलेल्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांनी पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात उपवास धरण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. जैन आचारात तप शक्तीनुसार करावयाचे असते. बेला-तेल्याऐवजी एकाशन, रसत्याग किंवा स्वाध्याय यांचाही मार्ग खुला आहे. याची आठवण सुनेने करून देण्यापेक्षा महाराज साहेबांनी किंवा माताजींनी करून दिली, तर ती मनाला लागते.

हालचालीबाबत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक मोठा प्रयोग उद्बोधक आहे. सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १,६३५ व्यक्तींपैकी निम्म्यांना चालण्याचा आणि पायांच्या बळाचा नियमित व्यायाम दिला गेला, उरलेल्यांना आरोग्याची व्याख्याने. सुमारे अडीच वर्षांत व्यायाम गटातील ३०.१ टक्के आणि व्याख्यान गटातील ३५.५ टक्के लोकांची चालण्याची क्षमता गंभीररीत्या घटली. फरक पाच टक्क्यांचा दिसतो. पण स्वतःच्या पायांनी देवदर्शनाला जाणारे ते पाच जण कोणाचे तरी आई-वडील असतात.

चालण्याच्या आड येते पडण्याची भीती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पासष्टीपुढचे २८ ते ३५ टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात. जुन्या वाड्यांतील उंच उंबरे, न्हाणीघरातील गुळगुळीत झालेली फरशी, जिन्यावरचा अंधार हे ठरलेले शत्रू. न्हाणीघरात आणि शौचालयात भिंतीला पक्के धरदांडे, रात्री मंद दिवा, टाचेला पट्टा असलेली चप्पल, वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी, एवढ्यावर बरेच काही टळते. मंदिराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा आणि आत चार खुर्च्या ठेवणे हे संघाचे काम आहे. देणगीच्या पाटीपेक्षा त्याचा उपयोग अधिक जणांना होईल.

जतहून मिरज

डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले तेव्हापासून मिरज हे या भागाचे वैद्यकीय केंद्र राहिले आहे. जतहून तेथे जायचे म्हणजे ऐंशी-नव्वद किलोमीटरचा प्रवास. तपासणीपेक्षा सोबत कोण जाणार हा प्रश्न मोठा असतो, आणि तो सुटला नाही की तपासणी पुढे ढकलली जाते. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास मोफत आहे. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाला आणि २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे पडते. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचा लाभ २०२४ पासून खुला झाला. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे. हा झाला माहितीचा आधार. पण कार्ड काढून देणारा तरुण आणि एसटीत शेजारी बसणारा माणूस योजनेतून मिळत नाही. तो समाजालाच द्यावा लागतो.

प्रत्येक गावच्या संघाने आपल्या सत्तरीपुढच्या सदस्यांची साधी वही ठेवावी. कोण एकटे राहते, कोणाची मुले कोठे आहेत, कोणाला मिरजेची तारीख आहे. आठवड्यातून एकदा दार वाजवणारा एक तरुण आणि एक भगिनी ठरवून द्याव्यात. व्यापाऱ्याला खातेवही ठेवणे शिकवावे लागत नाही.

या सगळ्यात सेवेचा भार कोणावर पडतो, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. तो बहुतेक घरांत एकट्या सुनेवर किंवा स्वतःच साठी गाठलेल्या पत्नीवर पडतो. तिला आठवड्यातून एक दिवस सुटी, नणंदांनी आणि दिरांनी वाटून घेतलेल्या पाळ्या आणि तिच्याही औषधपाण्याची चौकशी मिळाली पाहिजे. ज्या घरात सेवा करणारीच झिजून गेली, तेथे वृद्धांचा आधार फार दिवस टिकत नाही.

कागद आणि विश्वास

मिळकतीचा विषय कुटुंबात टाळला जातो आणि नंतर तोच कडू होतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीचा कायदा २००७ मध्ये झाला. त्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरील न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. त्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, परत मिळवता येते. मात्र ती अट दस्तात स्पष्ट नसल्यास अडचण येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालावरून दिसले. २०२५ च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या हिताचा व्यापक अर्थ घेतला. दुकान किंवा घर मुलांच्या नावे करताना वकिलाकडून बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहून घेणे यात अविश्वास नाही. भागीदारीचा करार लेखी करणाऱ्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. राहते घर हयातीपर्यंत स्वतःच्या नावे ठेवणे हा त्याहून सोपा मार्ग आहे.

वैयावृत्य

जैन आचारात सहा आभ्यंतर तपांपैकी एक वैयावृत्य आहे. थकलेल्या, आजारी, वृद्ध साधूंची सेवा हे त्याचे मूळ क्षेत्र. विहारातील वृद्ध साध्वीची सेवा करताना श्रावक तिला खाटेवर झोपवून ठेवत नाहीत. तिची चर्या, तिचा स्वाध्याय, तिची सामायिके अखंड चालावीत यासाठी पाणी, औषध आणि हाताचा आधार देतात. सेवेचा हेतू चर्या चालू ठेवणे हा असतो, चर्या थांबवणे हा नव्हे.

घरातील अण्णांची चर्या पेढीवरचा एक तास असेल, आईंची चर्या कोठीघराच्या किल्ल्या असतील. येत्या रविवारी कुटुंबाने एकत्र बसून लॉटन-ब्रॉडींची ती आठ कामे कागदावर उतरवावीत आणि घरातील ज्येष्ठांनाच विचारावे : यांतली कोणती तुमच्याकडे ठेवायची, कोणत्यांत हात द्यायचा आणि कोणती आम्ही करायची? उत्तर काय येईल, हे कदाचित मुलांना वाटते तसे नसेल. म्हणून ते त्यांच्याच तोंडून ऐकावे.